मॅटवर पडलेला दात: स्पारिंग सुरू करण्याआधी हे माहीत असू द्या

माझा वरचा पटाशीचा दात पडला तेव्हा राउंड संपायला वीसेक सेकंद उरले होते. स्पारिंग (पार्टनरबरोबरची सरावाची लढत) हलकं ठरलं होतं, म्हणून माउथगार्ड, म्हणजे दातांवर घालायचं प्लास्टिकचं कवच, बॅगेतच राहिला होता. क्लिंचमधून, म्हणजे एकमेकांना जवळून धरलेल्या पकडीतून, सुटताना पार्टनरचं डोकं खालून वर आलं, एवढंच घडलं. दुखलंसुद्धा नाही लगेच. जीभ पुढे गेली आणि तिथे दात नव्हता. कुणीतरी मॅटवरून तो उचलला, नळाखाली धरून बोटांनी चांगला चोळला, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून माझ्या हातात ठेवला. सगळे मनापासून धडपडत होते. पण आम्ही डेंटिस्टकडे पोचेपर्यंत दोन तास उलटले होते आणि टिश्यूतला दात पार कोरडा पडला होता. त्यांनी तो परत बसवला. पुढच्या काही वर्षांत त्याचं मूळ हळूहळू विरघळत गेलं आणि शेवटी काढावा लागला. आता तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, आहे.

त्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणाला जे माहीत नव्हतं ते इथे लिहिते आहे. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, एमएमए, कुस्ती, ज्युडो, जुजुत्सू, कराटे, तायक्वांदो, तुम्ही काहीही शिकायला लागला असाल तरी हे लागू आहे. आणि आत्ता, या क्षणी कुणाचा दात पडला असेल तर बाकी सगळं सोडून थेट पायरी ५ वाचा.

पायरी १: पहिल्या स्पारिंगआधी डेंटिस्टकडे जाऊन या

बहुतेक जण मार लागल्यावरच जातात. आधी जाण्याचे फायदे बरेच आहेत. किडलेला किंवा मोठं फिलिंग असलेला दात कमी मारातही तुटतो. वरचे पुढचे दात बाहेर झुकलेले असतील तर त्यांना इजा होण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि हे आपलं आपल्याला आरशात नीट कळत नाही. खालची अक्कलदाढ हाडात अडकून आडवी पडली असेल तर जबड्याचा कोपरा तिथे कमजोर होतो आणि मार लागल्यावर नेमका तिथूनच मोडू शकतो. ती काढायची की नाही हे डेंटिस्टच ठरवतील. पण तुम्ही कोणता खेळ खेळता हे त्यांना सांगितलं नाहीत तर तो विषयच निघणार नाही.

सांगायच्या आणि विचारायच्या गोष्टी:

- मी अमुक खेळ खेळते, आठवड्यातून इतक्यांदा स्पारिंग होतं.
- कॅप, ब्रिज, व्हिनीअर (दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला पातळ थर), काढती कवळी किंवा ब्रेसेस असतील तर गार्ड कोणता घ्यायचा?
- रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी दात पडला तर कुणाकडे जायचं? हा नंबर तिथेच फोनमध्ये टाका, आणि आपल्या कोचलाही द्या.

काढती कवळी मॅटवर उतरताना नेहमी काढून ठेवायची. ओठातली किंवा जिभेतली रिंग, तोंडातलं च्युइंगगम, यांनाही तोच नियम.

पायरी २: गार्ड निवडा

बॉक्सिंगमध्ये गमशील्ड, म्हणजे माउथगार्डच, आला तो लंडनमधून. वूल्फ क्राउझ नावाचे डेंटिस्ट १८९० च्या दशकात बॉक्सरच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या (झाडाच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ) पट्ट्या बसवून देत, म्हणजे ओठ दातांवर आपटून फाटू नयेत. पुढे त्यांचा मुलगा फिलिप याने त्यात सुधारणा केली आणि टेड 'किड' लुईस हा बॉक्सर तो घालून रिंगमध्ये उतरू लागला. त्या काळी प्रतिस्पर्ध्यांनी यावर हरकती घेतल्या होत्या. आज मात्र अनेक खेळांच्या स्पर्धांत गार्डशिवाय उतरताच येत नाही.

बाजारात तीन प्रकार मिळतात.

तयार मापाचा: पाकिटातून काढून थेट तोंडात घालायचा. हा घेऊ नका. तो दातांना धरून राहत नाही, दात आवळूनच जागेवर ठेवावा लागतो, आणि मार बसतो तेव्हा नेमकं तोंड उघडं असतं.

उकळून बसवायचा: गरम पाण्यात मऊ करून आपल्या दातांवर दाबून बसवतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याला हा चालतो, पण नीट बसवला तरच. त्यासाठी पुढची अख्खी पायरी दिली आहे.

डेंटिस्टकडून मापाचा: दातांचा साचा घेऊन ईव्हीए नावाच्या लवचीक प्लास्टिकच्या शीटपासून बनवतात. पुढच्या बाजूला किमान ३ मिलिमीटर जाडी असावी. जोराचे ठोसे आणि लाथा असलेल्या खेळांसाठी एकावर एक थर दाबून तो आणखी जाड करतात. तुम्ही नियमित स्पारिंग करत असाल तर मी हाच घ्या म्हणेन. महाग हँडरॅप आणि शॉर्ट्स नंतर घेता येतात.

ब्रेसेस असतील तर उकळून बसवायचा साधा गार्ड चुकूनही वापरू नका. मऊ प्लास्टिक तारांमध्ये शिरून घट्ट होतं आणि काढताना ब्रॅकेटसकट (तार धरून ठेवणारे, दाताला चिकटवलेले तुकडे) निघतं. ब्रेसेससाठी वेगळे गार्ड मिळतात. डेंटिस्टना विचारूनच घ्या.

साधारणपणे गार्ड वरच्या दातांवर बसतो. ज्यांचा खालचा जबडा पुढे आहे त्यांना कधी कधी खालच्या दातांचा देतात. स्पर्धेत उतरायचं असेल तर रंगही पाहा. हौशी बॉक्सिंगमध्ये लाल गार्ड चालत नाही, कारण त्यावर रक्त दिसत नाही. तायक्वांदोत पांढरा किंवा पारदर्शक मागतात.

पायरी ३: उकळून बसवायचा गार्ड नीट बसवा

माझा पहिला गार्ड मी घाईत बसवला होता. तो सैल होता, बोलताना खाली यायचा, म्हणून मी तो घालायचाच टाळायचे. त्या दिवशी तो बॅगेत का होता, याचं खरं उत्तर हेच आहे.

लागणारं साहित्य: गार्ड, पातेलंभर पाणी, एक झारा किंवा चिमटा, वाटीभर गार पाणी, आरसा, घड्याळ, छोटी धारदार कात्री.

आधी गार्ड न तापवताच तोंडात घालून बघा. मागची टोकं शेवटच्या दाढेच्या पलीकडे टोचत असतील किंवा उमासे येत असतील तर थोडं थोडं कापा. पण पहिली मोठी दाढ झाकलेली राहिलीच पाहिजे. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी मधली नाजूक पट्टी आरशात पाहा. गार्डच्या काठाला तिथे खाच नसेल तर छोटी खाच करा, नाहीतर दोन राउंडमध्ये तिथे जखम होते.

मग पाणी उकळा, आच बंद करा आणि गार्ड आत सोडा. किती सेकंद ठेवायचा हे पाकिटावर लिहिलेलं असतं आणि ब्रँडप्रमाणे ते बदलतं. तेवढेच सेकंद मोजा. कमी झाले तर दातांचा ठसा उमटत नाही, जास्त झाले तर तो गोळा होऊन पातळ पडतो. बाहेर काढून पाणी झटका, क्षणभर गार पाण्यात बुडवा म्हणजे तोंड भाजणार नाही, आणि आरशासमोर वरच्या दातांवर मधोमध बसवा.

इथे सगळे एकच चूक करतात: जोरात चावतात. चावलं की दाढांखालचं प्लास्टिक बाजूला सरकतं आणि तिथे कागदाएवढाच थर उरतो. दात हलकेच टेकवा. ओठ मिटून तोंडातली हवा आणि पाणी जोराने आत ओढा, बाहेरून बोटांनी ओठ आणि गाल गार्डवर दाबा, आतून जीभ टाळूकडे दाबा. असं अर्ध्या मिनिटभर. मग काढून गार पाण्यात टाका.

तपासायचं कसं: तोंड पूर्ण उघडा, गार्ड पडता कामा नये. डोकं हलवा. स्वतःचं नाव आणि 'थांब' हा शब्द मोठ्याने उच्चारा. समोरच्याला कळायला हवा. तोंड मिटून नाकाने, मग थोडं उघडून तोंडाने श्वास घ्या. शेवटी गार्ड उजेडासमोर धरा. दाढांच्या जागी उजेड आरपार दिसत असेल तर थर पातळ झालाय. तो फेकून नवीन घ्या.

पायरी ४: कधी घालायचा आणि कसा जपायचा

पार्टनर समोर आला की गार्ड तोंडात. टेक्निकचं ड्रिल असलं, 'आज फक्त हलकं' असलं, तरीसुद्धा. हलक्या स्पारिंगमध्ये माणूस सैलावलेला असतो, जबडा उघडा असतो, आणि डोकं किंवा कोपर लागणं हे काही ठरवून होत नाही. कुस्ती आणि जुजुत्सूवाल्यांना हे खास सांगायचं आहे. तिथे ठोसे नाहीत म्हणून गार्ड नको असं बरेच जण धरून चालतात, आणि टेकडाउनमध्ये, म्हणजे समोरच्याला खाली पाडताना, पार्टनरचा गुडघा किंवा डोकं तोंडावर येतं.

गार्ड तोंडात असताना दात हलकेच मिटलेले ठेवायची आणि नाकाने श्वास घ्यायची सवय पंचिंग बॅगवर मारतानाच लावा. दमल्यावर तोंड उघडं पडतं, आणि उघड्या जबड्यावर बसलेला मार सर्वांत वाईट.

गार्ड चावत बसू नका. वापरून झाला की गार पाण्याने धुवा, मऊ ब्रशने घासा, वाळवा आणि छिद्रं असलेल्या डबीत ठेवा. गरम पाणी किंवा उन्हात तापलेली गाडी, दोन्हीने त्याचा आकार बिघडतो. चिरा पडल्या, सैल झाला किंवा कडा खरबरीत होऊन हिरडी सोलायला लागली की बदला. मुलांचे दात आणि जबडा वाढत असतात, त्यामुळे त्यांचा गार्ड दर सहा महिन्यांनी घालून तपासावा लागतो.

गार्ड दात वाचवतो, ओठ वाचवतो. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यापासून तो वाचवेल असं धरून चालू नका.

किटबॅगेत एक छोटी पिशवी कायम ठेवा:

- घट्ट झाकणाची स्वच्छ छोटी डबी
- निर्जंतुक गॉज
- सलाइनची छोटी बाटली
- रबरी हातमोजे
- छोटा टॉर्च
- एका कार्डावर: डेंटिस्टचा नंबर, शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ती तारीख, औषधांची ॲलर्जी, घरच्यांचा नंबर

आणि जिमपासून सगळ्यात जवळ साधं दूध कुठे मिळतं हे पाहून ठेवा. का, ते पुढे येतं.

पायरी ५: दात मुळासकट बाहेर पडला तर

दाताच्या मुळाभोवती एक अतिशय पातळ, ओलसर आवरण असतं. दात हाडाला धरून राहतो तो या आवरणातल्या तंतूंनी. दात निघतो तेव्हा यातल्या जिवंत पेशी मुळाला चिकटून बाहेर येतात. परत बसवलेला दात जगणार की नाही हे या पेशींवर ठरतं, आणि कोरड्या हवेत त्या झपाट्याने मरतात. पंधरा मिनिटांच्या आत दात जागेवर गेला तर फार उत्तम. अर्धा तास कोरडा राहिला तर बहुतेक पेशी गेलेल्या असतात. एक तासानंतर जवळजवळ काहीच उरत नाही. माझा दात चोळला तेव्हा हेच आवरण खरवडून गेलं आणि उरलंसुरलं टिश्यूने शोषून घेतलं.

म्हणून या क्रमाने करा:

१. आधी माणूस पाहा. शुद्ध हरपली होती का, चक्कर, उलटी, गोंधळ आहे का, मान दुखते का? तसं असेल तर दात तोंडात परत घालायचा नाही, कारण तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. दात दुधात ठेवा आणि माणसाला रुग्णालयात न्या.

२. दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नाही. खालून येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. दात दुधाचा की पक्का हे कळत नसेल तर बसवू नका, दुधात टाकून डेंटिस्टकडे चला.

३. दात उचलताना तोंडात दिसणारा पांढरा भाग धरा. मुळाला हात लावायचा नाही.

४. माती लागली असेल तर गार दुधात किंवा सलाइनमध्ये हलकेच विसळा. दोन्ही नसतील तर नळाच्या गार पाण्याच्या बारीक धारेखाली, जास्तीत जास्त दहा सेकंद. चोळायचं नाही, साबण नाही, जंतुनाशक नाही, पुसायचंही नाही.

५. तिथेच जागेवर बसवा. हे ऐकून सगळे बिचकतात. पण ताज्या जखमेत ते वाटतं तितकं दुखत नाही, आणि दात वाचवणारी याहून मोठी गोष्ट दुसरी नाही. दाताची बाहेरची बाजू फुगीर आणि गुळगुळीत असते, आतली खोलगट. शेजारच्या दाताकडे बघून दिशा जुळवा, बोटाने हळू पण ठाम दाब द्या. शेजारच्या दाताच्या पातळीला आला की थांबा. जरासा वाकडा बसला तर डेंटिस्ट तो सरळ करतात. मग स्वच्छ कापड किंवा गॉज घडी करून हलकेच चावून धरा आणि निघा.

६. बसवणं जमत नसेल तर गार, साध्या दुधात ठेवा; साखर किंवा चव घातलेलं नको. दूध नसेल तर जखमी माणसानेच डबीत थुंकावं आणि त्या लाळेत दात ठेवावा. सलाइन त्याच्या नंतर. साधं पाणी हा अगदी शेवटचा पर्याय, कारण पाण्यात या पेशी फुगून फुटतात. तरी कोरड्या टिश्यूपेक्षा तेही बरं.

७. फोन वाटेतच करा: "पक्का दात मुळासकट पडला आहे, इतकी मिनिटं झाली, दुधात ठेवला आहे." एवढं एक वाक्य ऐकलं की समोरचे तयारीला लागतात.

पायरी ६: दात तुटला, हलला किंवा आत गेला तर

तुकडा उडाला असेल तर मॅटवर शोधा आणि ओला ठेवून बरोबर न्या. बरेचदा तोच परत चिकटवता येतो. तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत असेल तर आतली नस उघडी पडली आहे, त्याच दिवशी दाखवा. ठिपका नाही पण हवा लागली तरी कळ येते, तर आतला पिवळसर थर उघडा आहे. तेही लवकर झाकून घ्यावं लागतं. नुसता टवका उडाला असेल तर घाई नाही, पण दाखवा.

तुकडा सापडलाच नाही तर तो कुठे गेला याचा विचार करा. ओठ फाटला असेल तर त्यात रुतलेला असू शकतो. बाहेरून टाके पडतात आणि तुकडा आत राहतो. खोकला लागला असेल तर छातीत गेला असेल. डॉक्टरांना "एक तुकडा सापडला नाही" असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते एक्स-रे काढतील.

दात लांब झाल्यासारखा लोंबत असेल किंवा वाकडा होऊन अडत असेल तर हलवून बघत बसू नका, त्याच दिवशी डेंटिस्टकडे जा. दात आखूड दिसत असेल तर तो हाडात ढकलला गेला आहे. तो ओढून काढायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका.

रक्तस्राव थांबवायला गॉज घट्ट चावून धरा, बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त वाहायचं थांबत नाही. हिरडीवर गोळी ठेवणं तर अजिबात नको. तिथली त्वचा भाजते.

पायरी ७: जबड्याची चिन्हं ओळखा

दात जागेवर असले तरी खालीलपैकी काही असेल तर डेंटिस्टच्या दवाखान्याऐवजी रुग्णालयात जा:

- दात मिटल्यावर नेहमीसारखे जुळत नाहीत
- खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर वाटते
- जिभेखाली काळंनिळं पडलं आहे
- तोंड पूर्ण उघडत नाही किंवा उघडताना एका बाजूला जातं
- शेजारशेजारचे दोन-तीन दात एकत्र हलतात

यातलं पहिलं चिन्ह सगळ्यात कामाचं आहे आणि ते फक्त जखमी माणसालाच कळतं. म्हणून शेजारी असाल तर त्याला नेमकं विचारा: "दात मीट. रोजच्यासारखे बसले का?"

पायरी ८: डेंटिस्टकडे आणि त्यानंतर

बरोबर न्या: दात किंवा तुकडा, वर सांगितलेलं कार्ड, आधीचा एक्स-रे असेल तर तो, आणि हसतानाचा जुना फोटो. दात कसा होता हे कळायला फोटोचा फार उपयोग होतो. विमा असेल तर मार कधी, कुठे, कसा लागला ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि पहिल्या एक्स-रेची प्रत, चिठ्ठ्या, बिलं सगळी एकत्र ठेवा. दाताचे परिणाम वर्षांनी दिसतात आणि तेव्हा पहिल्या दिवसाचा कागदच मागतात.

मुळासकट पडलेला दात परत बसवला की शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधतात, साधारण दोन आठवडे. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच सुमारास रूट कॅनल सुरू होतं. दात वाकडा झाला असेल किंवा मूळ मोडलं असेल तर तार चार आठवडे राहते. या काळात मऊ जेवण, मऊ ब्रश, दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या. अँटिबायोटिक दिलं तर पूर्ण घ्या, न दिलं तर आपल्या मनाने घेऊ नका. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख डॉक्टरांना दाखवा.

तार निघाली की संपलं असं वाटतं आणि तिथेच लोक तपासण्या सोडतात. मीही एक तपासणी चुकवली होती. पहिल्या वर्षात तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि नंतर निदान पाच वर्षं दरवर्षी एक्स-रे काढून पाहावं लागतं, कारण मूळ विरघळत असतं तेव्हा काहीच दुखत नाही.

तार असताना कॉन्टॅक्ट, म्हणजे पार्टनरशी भिडण्याचा सराव, अजिबात नाही. पंचिंग बॅगवर मारतानाही दात आवळले जातात, म्हणून तेही डेंटिस्टना विचारून. जबडा मोडला असेल तर हाड जुळायलाच साधारण सहा आठवडे जातात आणि स्पारिंगची परवानगी त्याच्याही नंतर मिळते. जुना गार्ड परत घालू नका. दातांची जागा थोडी जरी बदलली असली तरी तो आता बसणार नाही. नवीन साचा घ्या. पहिल्या दिवशी पार्टनरला कुठला दात आहे ते सांगा आणि राउंड सुरू होण्याआधी गार्ड दाखवायची सवय दोघांनी लावून घ्या. आम्ही आता ग्लोव्हज टेकवायच्या आधी ओठ उघडून एकमेकांना गार्ड दाखवतो, मगच घड्याळ सुरू होतं.

त्यानंतरच्या महिन्यांत ब्रश करताना दाताचा रंग पाहत राहा. करडा किंवा गुलाबी पडू लागला, किंवा वरच्या हिरडीवर बारीक पुळी येऊन फुटू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.